झांकी, नाटक आणि जुन्या टेपा : एन्कोडिंगच्या प्रकल्प नोंदी, इंदूर

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

मोजदाद. जुनी चित्रणं संगणकावर उतरवून ती आजच्या यंत्रांवर चालतील अशा फाइलींत बसवायची (एन्कोडिंग) आहेत. आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या कपाटातून निघालेला माल असा: व्हीएचएस कॅसेट ११ (१९९१ ते १९९९), मिनीडीव्ही टेपा १४ (२००३ ते २००९), एव्हीसीएचडी कॅमेऱ्याची कार्डं उतरवून ठेवलेलं एक फोल्डर (२०११ ते २०१६), आणि परवाच्या अनंत चतुर्दशीचं चित्रण, म्हणजे एक मिररलेस कॅमेरा आणि दोन फोन. विषय सगळीकडे तेच: गणेशोत्सवातली नाटकं, मुलांचे कार्यक्रम, लेझीम, आणि जेल रोड, कृष्णपुरा, राजवाडा या पट्ट्यातल्या मिलच्या झांक्या (मिरवणुकीतले रोषणाईचे देखावे).

पहिला मान १९९१च्या कॅसेटचा. तिच्यात हुकुमचंद मिलची झांकी आहे आणि मिल त्याच वर्षी डिसेंबरात बंद पडली. झांकी आजही निघते, पण मिल चालू असतानाची ती शेवटची.

प्रत्येक चित्रणाच्या तीन प्रती काढायच्या. संग्रहाची प्रत, जिला हात लावायचा नाही. घरच्या टीव्हीवर आणि कोजागिरीला गच्चीवरच्या प्रोजेक्टरवर चालेल अशी एमपी४. आणि यूट्यूबवर चढवायची वेगळी. एकाच फाइलने तिन्ही कामं भागवायला गेलं की संग्रह फार लहान होतो आणि पेनड्राइव्हवरची फार मोठी.

जागेचा हिशेब: मिनीडीव्ही तासाला १३ जीबी (सेकंदाला ३.६ एमबी), चौदा टेपांचे १८२ जीबी. व्हीएचएस ८ बिट ४:२:२ (रंगाची माहिती निम्मी ठेवणारी पद्धत) मध्ये दाबल्याशिवाय ठेवलं तर ७२० × ५७६ × २ बाइट × २५, म्हणजे सेकंदाला २०.७ एमबी, तासाला ७५ जीबीच्या आसपास. एफएफव्ही१ हे दाबण्याचं स्वरूप ते तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत आणतं आणि एक बिंदूही गमावत नाही. २ टीबीच्या दोन डिस्क, दोन वेगळ्या घरी.

१० सप्टेंबर

मिनीडीव्ही. टेपवर आधीच डिजिटल माहिती आहे, त्यामुळे हे एन्कोडिंग नव्हे, नुसती उतरवणी. फायरवायरनेच (डीव्ही कॅमेऱ्याची डिजिटल जोडणी) घ्यायचं. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या यूएसबीतून टेपचा मूळ प्रवाह येतच नाही, वेबकॅमसारखं लहान चित्र येतं. लिनक्सवर डीव्हीग्रॅब हा प्रोग्राम, रॉ डीव्ही फाइल, बस्स. त्यावरून कुठलंही रूपांतर करून मूळ फेकून द्यायचं नाही.

टेप वर्षानुवर्षं पडून असेल तर आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे, म्हणजे गुंडाळीचा ताण सारखा होतो. चित्रात चौकोनी तुकडे दिसले तर हेड क्लीनर टेप दहा सेकंद, मग तीच जागा पुन्हा. दोन टेपांवर दुसऱ्या फेरीत पहिल्यापेक्षा कमी डाग आले. अशा वेळी दोन्ही उतरवण्या ठेवायच्या, कारण डाग दरवेळी एकाच जागी पडत नाहीत आणि पुढे तुकडे जोडता येतात.

आवाज तपासताना चार टेपांवर ३२ किलोहर्ट्झ, १२ बिट निघाला. कॅमेऱ्याच्या मेनूत तो पर्याय असायचा आणि कुणी बदललेला नसायचा. बाकी ४८ किलोहर्ट्झ. संपादनात दोन्ही एका टाइमलाइनवर टाकण्याआधी ३२ वाले ४८वर नेऊन घ्या.

एक टेप एलपीमध्ये (लाँग प्ले) आहे, साठ मिनिटांच्या टेपेवर नव्वद मिनिटं. आपल्या कॅमेऱ्यावर नुसते चौकोन. एलपीचे माग अरुंद असतात आणि दुसऱ्या यंत्रावर ते नीट लागतीलच असं नाही. बाजूला ठेवली.

१२ सप्टेंबर

व्हीएचएस. व्हीसीआरला एस-व्हिडिओची जोडणी आहे, ती वापरली, पिवळी पिन नाही. मध्ये टाइम बेस करेक्टर. तो नसेल तर टेपेच्या हलत्या वेळेमुळे कॅप्चर कार्ड फ्रेमा गाळतं आणि तासाभरात ओठ आणि आवाज यांत फारकत पडते. तासाच्या शेवटी गाळलेल्या फ्रेमांचा आकडा शून्य असेल तरच ती उतरवणी पास.

कॅप्चरची ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट मूळ सेटिंगवर सोडली आणि १९९४च्या नाटकात सूत्रधाराचं पांढरं धोतर सपाट झालं. घड्या गेल्या. वेव्हफॉर्म (उजेडाचा आलेख, ० ते २५५) पाहिला तर पांढरा वरच्या टोकाला कापला जात होता. कॉन्ट्रास्ट उतरवून सर्वांत उजळ भाग २३५च्या खाली आणि काळा १६च्या वर बसवला. धोतराच्या घड्या परत आल्या. हे पुढच्या कुठल्याही टप्प्यावर दुरुस्त होत नाही, म्हणून प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला उजळ जागा शोधून आधी हे जुळवायचं.

चित्राच्या तळाशी आठ-दहा ओळी थरथरतात, ती हेड बदलण्याची जागा. संग्रहात तशीच ठेवायची. बघण्याच्या प्रतीत काळी पट्टी टाकून झाकायची.

संग्रहाची सेटिंग: एफएफव्ही१ आवृत्ती ३, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र (जीओपी १), १६ स्लाइस (फ्रेमचे तुकडे), स्लाइस सीआरसी (प्रत्येक तुकड्याचा ताळा) चालू, एमकेव्ही फाइलीत, आवाज पीसीएम (न दाबलेला) ४८ किलोहर्ट्झ. सीआरसी चालू असली की पुढे डिस्क बिघडली तर नेमका कुठल्या फ्रेमचा कुठला तुकडा खराब झाला ते कळतं. हे स्वरूप आता आरएफसी ९०४३ या जाहीर दस्तऐवजात लिहून ठेवलेलं आहे (२०२१), म्हणून वीस वर्षांनी उघडेल का ही काळजी कमी.

१५ सप्टेंबर

डीइंटरलेस, म्हणजे एकाआड एक ओळींनी साठवलेल्या (इंटरलेस्ड) चित्रातून पूर्ण फ्रेमा काढणं. या प्रकल्पातलं सर्वांत जास्त नुकसान याच पायरीवर होऊ शकतं, सीआरएफचा (एन्कोडिंगचा दर्जा ठरवणारा) आकडा त्यानंतर.

व्हीएचएस, मिनीडीव्ही आणि एव्हीसीएचडी, तिन्ही इंटरलेस्ड. सेकंदाला २५ फ्रेमा म्हणतात, पण प्रत्यक्षात ५० वेगवेगळे क्षण आहेत, प्रत्येक क्षणाच्या निम्म्या ओळी (एक फील्ड). २५ फ्रेमांत बसवलं तर निम्मी हालचाल फुकट जाते. लेझमीत हात वर जाऊन खाली येताना हे लगेच दिसतं: ५०मध्ये हात वाहतो, २५मध्ये टप्पे खातो. म्हणून सगळीकडे २५ इंटरलेस्डचं ५० प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेमा).

कपाटात याच कॅसेटांवरून फार पूर्वी एका दुकानातून करून आणलेल्या एमपी४ची सीडीही आहे. तिच्यात दोन फील्ड एकमेकांत मिसळून २५ केलेलं. प्रत्येक हलत्या माणसाला स्वतःचं भूत चिकटलेलं. यातून मूळ परत काढता येत नाही. कॅसेट शाबूत आहे म्हणून निभावलं, नाहीतर ते नाटक तसंच राहिलं असतं.

फील्डचा क्रम. मिनीडीव्ही पाल (२५ फ्रेमांची टीव्ही पद्धत): खालचं फील्ड आधी. एव्हीसीएचडी: वरचं आधी. व्हीएचएसचं कॅप्चर कार्डावर अवलंबून, आपल्या कार्डाचं वरचं आधी निघालं. मीडियाइन्फो (फाइलची माहिती दाखवणारा प्रोग्राम) काय म्हणतं त्यावर पूर्ण भरवसा नको, कारण फाइलवरचा शिक्का चुकीचा असू शकतो. खात्रीचा उपाय: दोन्ही क्रम लावून लेझमीचे पाच सेकंद अर्ध्या वेगाने बघा. चुकीच्या क्रमात हात दोन पावलं पुढे, एक मागे असे हिसके खातो. ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा विचारावं लागत नाही.

साधन: एफएफएमपेग या प्रोग्राममधलं बीडब्ल्यूडिफ हे फिल्टर बहुतेकांना पुरे. ते न सांगता ५० देतं. त्यातलंच यादिफ न सांगता २५ देतं, त्याला मोड १ द्यावा लागतो. यात अनेक जण फसतात. क्यूटीजीएमसी हे वेगळं साधन फार हळू, पण आडव्या बारीक रेघा शांत ठेवतं. राजवाड्याच्या दर्शनी बाजूला झरोके आणि सज्जांच्या रेघांची दाटी आहे. बीडब्ल्यूडिफमध्ये त्या सतत लुकलुकतात, क्यूटीजीएमसीत स्थिर राहतात. ठरलं: १९९१ची कॅसेट आणि राजवाड्यासमोरचे सगळे तुकडे क्यूटीजीएमसीने, नाटकं बीडब्ल्यूडिफने. रंगमंचावर पडदा आणि माणसं, त्यात लुकलुकायला फारसं काही नसतं.

पायऱ्यांचा क्रम भिंतीवर चिकटवला: डीइंटरलेस, मग गोंगाट (चित्रातले वळवळते दाणे) कमी करणं, मग तळाची पट्टी, मग आकार, मग ४:२:० (४:२:२हून रंगाची माहिती आणखी निम्मी). आकार आधी बदलला तर दोन फील्डांच्या ओळी एकमेकांत कालवल्या जातात आणि चित्रभर करवतीचे दाते उमटतात. ४:२:० आधी केलं तर लाल कडांवर तेच रंगात होतं.

१८ सप्टेंबर

चाचणीचे तुकडे. पूर्ण फाइलवर सेटिंग आजमावत बसायचं नाही. प्रत्येक प्रकारातला सर्वांत अवघड ३० सेकंदांचा तुकडा कापला:

– मिररलेसचा, १०८० पी ५०, रात्री राजवाड्यासमोर: माळांचे दिवे पळताहेत, वर काळं आकाश, खाली गर्दी, कॅमेरा सावकाश डावीकडे सरकतोय.
– मिनीडीव्हीवरची लेझीम, उन्हात, धूळ.
– व्हीएचएस नाटक, अंधारा प्रवेश, एकच दिवा.

सोपा तुकडा (सूत्रधार उभा राहून बोलतोय) मुद्दाम चौथा घेतला, फक्त तुलनेसाठी.

एक्स२६४ (एच.२६४ फाइली बनवणारा एन्कोडर), हाय प्रोफाइल, प्रीसेट (एन्कोडरने किती वेळ घ्यायचा ती सेटिंग) स्लो, सीआरएफ १६, १८, २०, २२, २४; आकडा लहान तितका दर्जा जास्त. एकाच सीआरएफला झांकीच्या तुकड्याने सूत्रधाराच्या तुकड्यापेक्षा कितीतरी पट बिटरेट (सेकंदाला लागणारे बिट) खाल्ला. त्यात वावगं काही नाही, सीआरएफचं काम तेच: दर्जा सारखा धरायचा, आकार मोकळा सोडायचा. ६ अंक वाढवले की बिटरेट साधारण निम्मा होतो, हा अंदाज झांकीवर बरोबर उतरला. म्हणून ‘१०८०ला अमुक एमबीपीएस’ अशा तक्त्यावरून बिटरेट ठरवू नये. तोच आकडा सूत्रधाराला उधळपट्टी ठरतो आणि झांकीला अपुरा.

दुसरी चूक: प्रीसेट बदलून तोच सीआरएफ ठेवायचा आणि फाइल लहान झाली म्हणून खूश व्हायचं. प्रीसेट बदलला की त्याच सीआरएफचा दर्जाही थोडा हलतो. तुलना करायची तर दोन्ही फाइली सारख्या आकाराच्या करून बघा. स्लो आणि व्हेरीस्लो यांत सारख्या आकाराला डोळ्यांना फरक सापडला नाही, वेळ मात्र पुष्कळ जास्त. स्लो कायम. ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर झटपट आहे, पण त्याच बिटरेटला माळांभोवती कचरा जास्त. घाईच्या नमुन्यांना ठीक.

१९ सप्टेंबर

कालच्या फाइलींवर व्हीमॅफ चालवलं. नेटफ्लिक्सने २०१६ साली काढलेलं चित्राच्या दर्जाचं मोजमाप, ० ते १००. एफएफएमपेगमध्ये पहिली फाइल एन्कोड केलेली आणि दुसरी मूळ, हा क्रम उलटला की आकडे निरर्थक. आकार आणि फ्रेमा जुळलेल्या हव्यात, एका फ्रेमचा फरकही गुण पाडतो.

झांकी, सीआरएफ २२: सरासरी ९५च्या वर. म्हणजे उत्तम. मग खोलीतले दिवे मालवून टीव्हीवर लावलं, आणि राजवाड्यावरचं आकाश ठोकळ्यांनी भरलेलं. काळ्यातून गडद निळ्याकडे जाणारी जागा पायऱ्या-पायऱ्यांची झाली होती, आणि दर कीफ्रेमला (स्वतंत्र, पूर्ण साठवलेली फ्रेम) त्या पायऱ्या उडी मारून जागा बदलत होत्या. लॅपटॉपवर हे दिसलं नव्हतं. सरासरीत असे ठोकळे बुडतात, आणि अंधारातल्या पायऱ्या या मोजमापाला मुळातच नीट दिसत नाहीत. तेव्हा व्हीमॅफचा उपयोग एवढाच: एकाच मुळाच्या दोन सेटिंग्जची तुलना, आणि सर्वांत कमी गुणांच्या फ्रेमा शोधून त्या डोळ्यांनी बघणं.

आकाशावर केलेले प्रयोग, ज्या क्रमाने केले त्या क्रमाने.

सीआरएफ १८: ठोकळे कमी, गेले नाहीत, फाइल दीडपटीहून मोठी.

ट्यून ग्रेन (एक्स२६४ची दाणेदार चित्रासाठीची सेटिंग): आणखी मोठी, आणि आकाश उलट वाईट. कारण सापडलं. हे ट्यून एक्यूची (चित्राच्या कुठल्या भागाला किती बिट ते ठरवणारी सोय) ताकद १.०वरून ०.५वर आणतं, म्हणजे सपाट जागांना मिळणारी जास्तीची मदतच काढून घेतं. फिल्मच्या दाण्यासाठी ते बरोबर आहे, आपल्या आकाशासाठी नाही.

एक्यू-मोड ३: मूळ सेटिंग १ असते, ३मध्ये अंधाऱ्या भागांना मुद्दाम जास्त बिट मिळतात. सीआरएफ २०ला आकाश जवळजवळ शांत.

आणि शेवटचं, जे उलटं वाटतं: कॅमेऱ्याचा गोंगाट काढण्यासाठी लावलेला फिल्टर अर्ध्यावर आणला. गोंगाट पूर्ण पुसला की आकाश गुळगुळीत होतं, आणि ८ बिटांत गुळगुळीत उतार म्हणजे पायऱ्याच. थोडी वाळू राहिली तर पायऱ्यांच्या कडा तिच्यात मिसळून जातात. गोंगाट बिट खातो हे खरं, पण इथे तो कामाचा आहे.

१० बिट एच.२६४ने हे जास्त सहज सुटलं असतं, पण घरचे टीव्ही ते प्रोफाइल उघडत नाहीत. एचईव्हीसी (एच.२६४नंतरचं स्वरूप) १० बिट नव्या टीव्हीवर चालतं, मंडळातल्या निम्म्या घरांत टीव्ही जुने आहेत. त्याहून नव्या एव्ही१चा विचार वाटपासाठी या खेपेला नाही.

ठरलं, एचडी: सीआरएफ २०, स्लो, एक्यू-मोड ३, कीफ्रेम दर १०० फ्रेमांना (५०च्या वेगात २ सेकंद, मूळचे २५० म्हणजे ५ सेकंद, रिमोटने पुढे सरकवताना टीव्ही अडखळतो), मॅक्सरेट (बिटरेटची कमाल) २० एमबीपीएस, बफर ३० एमबिट.

२२ सप्टेंबर

रंग. १९९६च्या नाटकाची मोठी केलेली प्रत बघताना नायिकेचं कुंकू केशरी आणि शालूचा हिरवा काळपट. मूळ फाइलीत दोन्ही ठीक.

एसडी चित्राचं रंगाचं गणित बीटी.६०१चं, एचडीचं बीटी.७०९चं. आकार १०८० केला, पण रंगाचं गणित बदलायला सांगितलं नव्हतं. प्लेअरने उंची बघून ७०९ धरलं. ६०१चे आकडे ७०९ने वाचले की लाल नारिंगीकडे झुकतो आणि हिरवा गडद होतो. उपाय दोन भागांत: आकार बदलताना मॅट्रिक्स (हेच रंगाचं गणित) ६०१वरून ७०९ करून घ्या, आणि फाइलवर तसा शिक्का मारा. नुसता शिक्का मारणं म्हणजे डब्यातली साखर तशीच ठेवून वरची चिठ्ठी मिठाची करणं.

एसडी आकारातच राहणाऱ्या प्रतींवर बीटी.४७०बीजी हा पालचा शिक्का. काही न लिहिता सोडलेली फाइल प्रत्येक प्लेअर आपल्या अंदाजाने दाखवतो.

२४ सप्टेंबर

फोनचं चित्रण. पहिली अडचण वेग. फोन फ्रेमांचा वेग अंधारात स्वतःच कमी-जास्त करतो. मीडियाइन्फोत ‘व्हेरिएबल’ दिसलं की संपादनात टाकण्याआधी ठरावीक वेगावर आणा, नाहीतर दहाव्या मिनिटाला ढोलाची काठी आधी पडते आणि आवाज मागून येतो. दोन्ही फोन ३०वर होते, कॅमेरा ५०वर. ३०चं ५० करताना फ्रेमा असमान दुप्पट होतात आणि सरकता कॅमेरा गचके खातो. त्यामुळे फोनचे तुकडे एकत्र फितीत कमीत कमी, आणि जिथे फोन स्थिर धरलाय तेवढेच.

३०च्या वेगाने इथल्या ५० हर्ट्झच्या दिव्यांखाली चित्रावर पट्टेही फिरतात. एन्कोडर ते काढू शकत नाही. पुढच्या वर्षी फोन २५ किंवा ५०वर, शटर १/५० किंवा १/१००.

दुसरी अडचण: एका फोनचं चित्रण एचएलजी (उजेडाचा मोठा पल्ला टिपणारं एचडीआर स्वरूप), १० बिट, बीटी.२०२० (७०९हून मोठा रंगपट). सरळ ८ बिटांत ओतलं की फिकट, धुरकट. आधी लिनियर करून टोनमॅप (उजेडाचा पल्ला आवळणं), मग ७०९. हेबल या टोनमॅपच्या पद्धतीत माळांच्या दिव्यांचे रंग वाचले पण सगळं चित्र थोडं काळवंडलं; नंतर उजेड किंचित वाढवून चालवलं. संग्रहात मूळ एचएलजी फाइल जशीच्या तशी.

एव्हीसीएचडीबद्दल एवढंच: लांब चित्रण कॅमेऱ्याने कार्डावर तुकडे करून ठेवलं आहे. ते तुकडे वेगवेगळे बदलून मग जोडले तर प्रत्येक जोडावर आवाजात टिचकी येते. आधी एमटीएस फाइली बाइटला बाइट लावून एक करा, मग पुढचं.

२७ सप्टेंबर

आवाज. नाटकांतला आवाज हळू, मध्येच टाळ्या कानठळ्या बसवणाऱ्या. लाउडनॉर्म (आवाजाची पातळी जुळवणारं फिल्टर) एका फेरीत लावलं तर ते सतत आवाज वर-खाली करतं: पद संपून तबला थांबला की पंख्याची घरघर फुगून वर येते. दोन फेऱ्यांत लावा. पहिली फक्त मोजते, दुसरी सगळ्याला सारखीच उचल देते. टाळ्यांचं टोक मर्यादेत बसत नसेल तर दुसऱ्या फेरीतही ते गुपचूप पहिल्या पद्धतीवर जातं, म्हणून शेवटच्या अहवालात ‘लिनियर’ लिहिलंय का ते बघायचं. नसेल तर आधी टाळ्या हाताने खाली.

आणखी एक छुपा खड्डा: सतत वर-खाली करणाऱ्या पद्धतीत हे फिल्टर आतून १९२ किलोहर्ट्झवर जातं. बाहेर पडताना ४८ सांगितलं नाही तर एएसी (एमपी४मधला दाबलेला आवाज) ९६वर तयार होतो. एका टीव्हीवर चित्र चाललं, आवाज गप्प. आकडा ४८००० लिहिल्यावर बोलू लागला.

पातळी: यूट्यूब आणि टीव्ही, दोन्हीला उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप). एएसी स्टिरिओ १६० केबीपीएस. व्हीएचएसचा मोनो आवाज एकाच बाजूला असेल तर दोन्हीकडे घ्या.

३० सप्टेंबर

टीव्हीची चाचणी, तीन घरांत. पहिल्या फेरीत व्हीएचएसच्या फाइलींना एका टीव्हीने ‘स्वरूप ओळखता येत नाही’ म्हटलं, दुसऱ्यावर आवाज चालू आणि चित्र काळं. मूळ ४:२:२ आहे, आणि एफएफएमपेगला सांगितलं नाही तर ते ४:२:२च ठेवून हाय ४:२:२ प्रोफाइल बनवतं. लॅपटॉप ते मुकाट दाखवतो, म्हणून लक्षात येत नाही. पिक्सेल फॉरमॅट ४:२:० लिहिलं, तिन्हीकडे चाललं.

दुसरं, एका टीव्हीने पिक्सेलचं गुणोत्तर धुडकावलं आणि माणसं उभी ताणली. ७२० × ५७६चा पिक्सेल चौकोनी नसतो. म्हणून वाटपाच्या प्रती ७६८ × ५७६, चौकोनी पिक्सेल.

लेव्हल (फाइल चालवायला किती ताकद लागते ते टीव्हीला सांगणारा आकडा): ७६८ × ५७६ म्हणजे १७२८ मॅक्रोब्लॉक (१६ × १६ बिंदूंचे चौकोन), गुणिले ५० म्हणजे सेकंदाला ८६,४००. लेव्हल ३ची मर्यादा ४०,५००, ३.१ची १,०८,०००. तेव्हा ३.१. एसडीला ‘३ पुरते’ हे ७२० × ५७६ आणि २५ फ्रेमांपुरतं खरं. १०८० पी ५०ला ४.२, आणि तिथे रेफरन्स फ्रेमा (ज्यांच्या आधारे इतर फ्रेमा बनतात) ४च्या वर नाहीत.

एसडीची शेवटची सेटिंग: सीआरएफ १८, स्लो, एक्यू-मोड ३, कीफ्रेम १००, मॅक्सरेट १० एमबीपीएस, बफर १५ एमबिट, फास्टस्टार्ट (फाइल लगेच सुरू व्हावी म्हणून). व्हीएचएसला हलकं एचक्यूडीएन३डी (गोंगाट कमी करणारं फिल्टर), १.५:३:३:६, म्हणजे उजेडाला कमी, रंगाला जास्त, कारण व्हीएचएसचा गोंगाट रंगात अधिक असतो. तिसरा आकडा (तोही उजेडाचा) ६ केला तेव्हा हलत्या हातामागे शेपूट दिसू लागली.

फॅट३२, म्हणजे पेनड्राइव्हची जुनी फाइल पद्धत. एका घरचा टीव्ही दुसरं काही वाचत नाही आणि एक फाइल ४ जीबीच्या पुढे चालत नाही (नेमकं ४,२९,४९,६७,२९५ बाइट). २ तास ४० मिनिटांचं नाटक म्हणजे ९६०० सेकंद; वरच्या बाइटना ८ने गुणून ९६००ने भागलं की ३५७९ केबीपीएस, थोडी जागा सोडून ३५००, आवाजाचे १६० वजा करून चित्राला ३३४०. आकार बांधलेला असतो तेव्हाच दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग कामाचं. एरवी सीआरएफ एका फेरीत त्याच तोलाचं काम करतं. बाकीच्या घरांना सीआरएफवालीच, मध्यंतराला तोडून दोन फाइली. चहाला उठायचंच असतं.

३ ऑक्टोबर

यूट्यूब. तिथे ५० फ्रेमा ७२० आणि त्यावरच मिळतात; ५७६ची फाइल चढवली तर ती ४८०त बसते आणि लेझीम पुन्हा २५वर. म्हणून एसडी १४४० × १०८० करून चढवायचं. बाजूच्या काळ्या पट्ट्या आपण चित्रात घालायच्या नाहीत, प्लेअर स्वतः घालतो. आपण घातल्या तर उभ्या फोनवर चित्र पट्ट्यांत पट्ट्या. लेव्हल इथे ४.२ (६१२० × ५० = ३,०६,०००; ४.१ला २,४५,७६०पर्यंतच). सीआरएफ १६, कारण ते पुन्हा दाबलं जाणार आहे. रंग ७०९वर नेला आहे ना, ते प्रत्येक फाइलीत पाहिलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून, व्हिडिओ म्हणून नाही. हे गटात तीनदा लिहावं लागलं.

५ ऑक्टोबर

तपासणी. एफएफव्ही१ खरंच काहीच गमावत नाही का, याची खात्री फ्रेमएमडी५ने: कॅप्चर आणि संग्रहाची फाइल, दोन्हींची प्रत्येक फ्रेमची छाप काढून यादी जुळवली. उतरवलेल्या दहा कॅसेटांपैकी नऊ जुळल्या. एक जुळली नाही. शेवटची फ्रेम कॅप्चर बंद करताना अर्धी राहिली होती, बाकी सगळं तेच. दोन्ही डिस्कवर फाइलींच्या शेजारी छापांची यादी ठेवली.

नावं: वर्ष, कार्यक्रम, माध्यम, प्रतीचा प्रकार. ‘फायनल’, ‘फायनल २’ बंद.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

प्रोजेक्टर. दुपारच्या चाचणीत कॅमेरा सरकताना दर थोड्या वेळाने बारीक गचका. फाइल निर्दोष, लॅपटॉपची एचडीएमआय ६० हर्ट्झवर आणि चित्र ५०चं. ५० हर्ट्झ निवडल्यावर गेला. आकाशाची जागा प्रोजेक्टरवर मुद्दाम पाहिली: रस्त्यावरचा उजेड गच्चीवर येतो, काळा काळा राहतच नाही, ठोकळे असते तरी इथे दिसले नसते. टीव्हीवर अंधारात केलेली तपासणीच धरायची.

शिल्लक: एलपीची टेप, जिच्यावर ती भरली तो कॅमेरा किंवा एलपी नीट वाचणारा डेक मिळेपर्यंत. आणि १९९८ची एक कॅसेट, गुंडाळीवर पांढरी बुरशी. ती व्हीसीआरमध्ये घालायची नाही, हेडवर बुरशी बसली तर पुढच्या कॅसेटलाही लागेल. सुक्या डब्यात सिलिकाच्या पुड्यांसोबत ठेवली आहे, डब्यावर तारीख लिहून.